मऊ मुरमाची जागा

हे मी नवऱ्यालासुद्धा कधी सांगितलं नाही. तो गेला. आता तुम्हाला सांगते — का, ते मलाही नीट कळत नाही.

गया माझी शेजारीण होती. तिची नात प्रज्ञा इंजिनिअरिंग शिकते. कॉलेजानं तिला जपानला नेलं होतं. परवा अहमदपूरला आली ती थेट माझ्या ओट्यावर, मोबाइलमधले फोटो दाखवायला. एकाच दिवसाचे ढीगभर. सकाळी मोटारींचा कारखाना, दुपारी शहर. गल्ली चुकली तर एक म्हातारी तिला स्टेशनापर्यंत सोडून गेली.

"तुझ्यासारखीच होती, आजी. पण गोड बोलायची."

मी हसले. मग तिनं एक दोरी दाखवली. खाली मोटारी सरकत जातात, वर दोरी. साध्या कामगाराला काही चुकीचं दिसलं की त्यानं ओढायची. काम थांबतं.

"मग मुकादम शिव्या देत असंल."

"न्हाई आजी. येऊन आभार मानतो."

आभार?

लातूर नवा जिल्हा झाला, त्या सुमारास दुष्काळ होता. रस्त्याच्या कामावर आम्ही मुरूम खणायचो. वरचा कडक, खालचा मऊ — म्हणून सगळ्या बाया खालूनच कोरायच्या. वर छत राहायचं, सावली मिळायची. एका सकाळी माझ्या डोक्यावरच्या छताला भेग दिसली. बोटं जातील एवढी. बोलले असते तर मुकादमानं शिव्या घालून खड्डा बंद केला असता, मजुरी बुडाली असती. मी — मी काय केलं? टोपलं उचललं आणि बाजूला जाऊन बसले.

गया आली. "सोडली का वो जागा, काकू? सावलीचा कंटाळा आला?" म्हणाली, आणि तिथं बसली.

मी बघितलं. बघितलं, आणि खणत राहिले.

दुपारच्या आत छत खाली आलं. हातांनी मुरूम उपसला आम्ही. सगळ्यांत मोठ्यानं मीच रडले. लोक म्हणाले, काकूचा लई जीव होता तिच्यावर.

प्रज्ञाचा बाप तेव्हा रांगत होता.

"तुमच्या कामावर असं काही होतं का, आजी?" परवा तिनं विचारलं. तिला एवढंच ठाऊक — तिची आजी, गया, मुरमाखाली गेली.

"न्हाई बाई," मी म्हणाले. "आमच्याकडं दोरी कुठली."

दोरी नव्हती. गया हाकेच्या अंतरावर होती.