ओढ्याच्या तोंडाचं लव्हाळं

आत्याच्या सुनेचा, म्हणजे वहिनीचा, फोन आला तेव्हा मी जिंतूरला बियाण्याच्या रांगेत उभा होतो. ‘भाऊजी, तुमच्या आत्या गेल्या,’ एवढंच ती बोलली. मागचा माणूस ‘सरका की पुढं’ म्हणत राहिला आणि मी सरकत राहिलो... बियाणं घेऊनच येलदरीची बस धरली. माणूस असा का वागतो, देव जाणे.

कौसाआत्याचं गाव धरणाच्या पाण्याकाठी. दिवाळीनंतर पाणी मागं हटलं की उघड्या पडलेल्या गाळात ती हरभरा टाकायची. तिचे यजमान, आमचे मामा, मासे धरायचे. उन्हाळ्यात धनगरांची मेंढरं त्याच गाळातल्या हिरव्या गवतावर येऊन बसायची. ‘पाणी माय हाय आपली,’ आत्या म्हणायची, ‘जाताना ताट वाढून जाती.’

मी शेतीची पदवी घेऊन आलो तो शहाणपणा मिरवतच. ओढा धरणाला मिळतो त्या तोंडाशी लव्हाळ्याचं दाट रान होतं. म्हटलं, ‘आत्या, हे कापून टाक. दोन पोती हरभरा वाढेल.’ ती म्हणाली, ‘मासे अंडी घालतेत रे तिथं.’ मी हसलो. ‘बरं. तू शिकलेला हाईस,’ म्हणाली आणि तिनं स्वतःच विळा घेतला.

त्या साली हरभरा भरपूर आला. पुढच्या पावसाळ्यात मात्र ओढ्यानं त्या मोकळ्या तोंडातून सगळा गाळ ओढून नेला. खाली नुसता मुरूम उरला. काठाला माशांची पिल्लं दिसेनात, मेंढरं दुसऱ्या काठाला गेली, मामा ऊसतोडीला जाऊ लागले. आत्या मला एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. लाजेनं मी जाणंच कमी केलं आणि कामाची निमित्तं सांगत राहिलो.

दहाव्याला वहिनी मला काठावर घेऊन गेली. ओढ्याच्या तोंडाशी लव्हाळ्याचा हिरवा पट्टा उभा होता. ‘दर साली लांबून गड्डे आणून लावायच्या,’ ती म्हणाली. ‘निम्मे वाहून जायचे. लय चिवट बाई.’ मी भीत भीत विचारलं, माझ्याबद्दल कधी काही म्हणाली का... ‘तुमच्याबद्दल? काय म्हणतील?’ तिला काही माहीतच नव्हतं. कुणीही विचारलं की आत्या सांगायची, ‘माझाच हावरटपणा नडला.’ मामा मरेपर्यंत त्यावरून तिलाच बोलत राहिले. तिनं ऐकून घेतलं.

मी वहिनीला खरं सांगितलं. घरी आल्यावर पडवीतलं एक ओलं पोतं तिनं माझ्यापुढं ठेवलं. त्यात लावायचे राहिलेले गड्डे होते. आत्या गेल्यापासून वहिनी त्यावर रोज तांब्याभर पाणी मारत होती.

परवा ते घेऊन गुडघाभर पाण्यात उतरलो. पायाला मुरूम लागेल असं वाटलं होतं. मऊ गाळ लागला... वीतभर तरी असेल.