उशीवरून दिसणारं आभाळ

आमच्या बाई आर्किटेक्ट. मी एसीवाला, इमारतीत गार हवा नेणारे पत्र्याचे डक्ट बसवतो. पूर्वी बाई नकाशा काढायच्या, मग आमचे स्ट्रक्चरल इंजिनिअर, ज्यांना सगळे काका म्हणतात, त्यात खांब आणि बीम घालायचे आणि सगळ्यात शेवटी तो कागद माझ्या गळ्यात पडायचा. डक्ट बीमवर आपटला की साइटवर भांडण ठरलेलं. बाई एवढंच म्हणायच्या, "बसवा कसंही!" माझ्या डोक्यात तिडीक जायची.

आता अख्खी इमारत आधी कॉम्प्युटरमध्ये उभी राहते, सगळ्यांची मिळून एकच. खांब काकांचे, वायरी इलेक्ट्रिकवालीच्या, डक्ट माझे. कुणी कुणाच्या अंगावर गेलं की तिथे लाल दिसतं. बाईंना हे आधी मुळीच रुचलं नव्हतं. "माझ्या घरात येऊन परके लोक फर्निचर हलवतायत," म्हणायच्या. तरी पन्नाशीत क्लास लावून शिकल्या. आता आम्हा भांडकुदळांची मोट बांधणं हेच त्यांचं निम्मं काम.

हॉस्पिटलच्या मीटिंगमध्ये पडद्यावर एक वॉर्ड होता. खिडकी थेट छतापर्यंत. माझा डक्ट मावायचा तर छत हातभर खाली घ्यावं लागणार आणि खिडकीचा माथा झाकला जाणार.

"एवढ्याशानं काय बिघडतंय?" मी म्हटलं. "खाली केवढी तरी उरतेय."

बाईंनी पडद्यावर छत माझ्या म्हणण्याप्रमाणे खाली घेतलं. मग आमची नजर खाली नेली, आणखी खाली, पलंगावरच्या उशीपर्यंत. खिडकीत समोरच्या इमारतीची भिंत होती, बाकी काही नाही. छत परत वर नेलं आणि भिंतीच्या वर आभाळ उघडलं. माझा आ वासलेला तसाच राहिला. इतकी वर्षं छतात काम केलं, पण झोपून वर कधी पाहिलंच नव्हतं.

"माझी आई शेवटी अशीच पडून होती," बाई म्हणाल्या. "काय हवं विचारलं की म्हणायची, पाऊस आहे की ऊन, तेवढं सांग गं."

मग म्हणाल्या, "मला एकटीला हे सुटत नाहीये. तुम्ही सांगा."

काकांचा पहिला शब्द कायम 'नाही' असतो. "नाही... म्हणजे, पॅसेजमधल्या बीमला भोक ठेवता येईल."

इलेक्ट्रिकवालीने वायरी सरकवल्या. मी डक्ट पॅसेजमधून वळवला. एकेक लाल डाग विझत गेला. ना घण, ना शिवीगाळ, आणि जी इमारत अजून जमिनीवर नव्हतीच ती आमच्यासाठी अंग चोरून बसत होती! अंगावर सरसरून काटा आला.

इमारत झाली. उद्घाटनाआधी बाई चपला काढून त्या वॉर्डातल्या पलंगावर आडव्या झाल्या. "या, तुम्हीही झोपा." शेजारच्या पलंगावर मी अवघडून पडलो. माझा डक्ट कुठेच दिसत नव्हता आणि जन्मात पहिल्यांदा मला त्याचा अभिमान वाटला.

बाईंनी डोळे घट्ट मिटले होते.

"ऊन आहे, बाई," मी म्हटलं.