टेप ड्राइव्हच्या तोंडात अक्षता

इंदिरानगरातल्या एका पाणीयोजना आखणाऱ्या कंपनीत दिवाकर गायधनी संगणक सांभाळतात. घराणं भिक्षुकीचं, त्यामुळे युनिक्सच्या काळ्या पडद्यावर कमांड टाइप करतानाही त्यांचे ओठ पुटपुटतात. रोज संध्याकाळी सगळ्यांच्या कामाची प्रत जाडजूड कॅसेटसारख्या टेपवर उतरवायची आणि ती कपाटात ठेवायची, हा त्यांचा नेम. टेपवरून काही परत काढून बघावं, असं मात्र त्यांना कधी वाटलं नाही. तो टेपचा अपमान झाला असता.

खंडेनवमीला ऑफिसात यंत्रांची पूजा झाली. दिवाकररावांनी टेप ड्राइव्हला झेंडू वाहिला, हळदकुंकू लावलं आणि भक्तीच्या भरात चिमूटभर अक्षता त्याच्या तोंडातच सोडल्या.

दसऱ्याची सुट्टी संपवून लोक परतले, तर सर्व्हरची डिस्क गेलेली. तिच्याबरोबर इंजिनीअर आभाचे नकाशेही गेले. सायखेड्याच्या शेतांना पाणी नेणारी पाइपलाइन तिने पावसाळाभर चिखल तुडवत आखली होती, आणि त्याच दुपारी ती गावकऱ्यांना दाखवायची होती.

"टेपवर आहे सगळं," दिवाकरराव ऐटीत म्हणाले.

ड्राइव्हने टेप आत घेतली, कुरकुर केली आणि ती बाहेर ढकलली. त्यांनी केबल बदलली, मशीन बंद करून चालू केलं, सफाईची कॅसेट घातली. तीही बाहेर आली. आभाने मोबाइलचा टॉर्च लावून आत डोकावलं.

"काका, याला काय खायला घातलंत?"

"अक्षता. श्रद्धेने."

"श्रद्धा अडकलीय आत."

तिने पर्समधला भुवयांचा चिमटा काढला आणि एकेक दाणा उचलला. या खेपेला टेप आत जाऊन बसली. पडद्यावर फायलींची नावं सरकू लागली: धवल-केळवण, धवल-हळद, धवल-वरात.

"हे काय?"

"आमच्या धवलच्या लग्नाचं शूटिंग. घरच्या कॉम्प्युटरचा काय भरवसा?"

"आधी माझे नकाशे काढा ना."

"टेप आहे ती. पुढचं सरकल्याशिवाय मागचं हाती लागत नाही."

आभा स्टूल ओढून बसली. घड्याळ बघत तिने सीमांतपूजन काढलं, मंगलाष्टकं काढली.

"काका, वरात तर मघाशीच गेली. आता काय राहिलंय?"

"पंगती," दिवाकरराव नजर चुकवत म्हणाले. "तीन झाल्या होत्या."

तिसरी पंगत उठली आणि सायखेड्याचा पहिला नकाशा उतरला. मग बाकीचेही उतरले. आभाने ते लॅपटॉपवर घेतले, गाडीची किल्ली उचलली आणि दारातून वळून म्हणाली,

"लग्न छान झालं, काका. जेवायला मात्र तुम्ही कुणी विचारलं नाहीत."