आर्नीच्या कानातलं तळं

टॅमरॅक तळ्यावर बर्फ किती धरलाय हे गावात कुणी मोजत नसे, आर्नी कोइविस्तोला विचारत. डिसेंबरात तो पहार घेऊन बर्फावर उतरे, चार पावलं टाकी, ठोकी आणि मान तिरकी करून ऐके. जाड बर्फ खर्जात घुमतो, ढूंऽऽ. पातळ बर्फ ताणलेल्या तारेसारखा किंचाळतो. आवाज पसंत पडला की तिथे स्प्रूसची हिरवी फांदी रोवायची. फांद्यांची रांग पुरी झाली की अख्खं गाव त्या रांगेने आपापले ट्रक आणि बर्फाला भोक पाडून मासे धरायची खोपटी तळ्याच्या मध्यावर नेई. एकोणीस हिवाळ्यांत एकही चाक ओलं झालं नव्हतं.

आर्नीची नोकरी लोखंडाच्या खाणीतली, दगड भरडायच्या यंत्रापाशी. तीस वर्षं. निवृत्तीचा केक संपायच्या आत डाव्या कानात शिट्टी लागली, ती लागलीच.

"लाइला, केटली उतरव गं."

"केटली कपाटात आहे, आर्नी."

असं दिवसातून चारदा. मग त्याने विचारणं सोडलं. चर्चनंतरची कॉफी सोडली, जेवण अर्ध्यावर टाकून उठू लागला. बायकोशी बोलताना शिट्टीवर आवाज चढवायचा म्हणून ओरडे, आणि ओरडल्याचं तिच्या चेहऱ्यावरूनच त्याला कळे.

डुलुथ शहरातली कानाची डॉक्टर पोरसवदा, बोलणं भरभर. "शिट्टी जाईल असं नाही सांगत हं, मिस्टर कोइविस्तो. तिला शेजार द्यायचा. दुसरा आवाज जोडीला असला की ती जरा नमतं घेते." तिने त्याच्या फोनवर आवाजांचं एक ॲप घालून दिलं, आणि ते ऐकायला डाव्या कानात बसवायचं छोटंसं यंत्र.

पावसाच्या आवाजाने त्याला सारखी लघवी लागे. समुद्र लावला तर म्हणाला, "आजोबा फिनलंडहून येताना ज्यावर तीन आठवडे ओकले, तोच ना?" रातकिडे तर शिट्टीच्याच पट्टीत गाणारे, म्हणजे चोराला चोराची सोबत. मग खाली कुठेतरी 'गोठलेलं तळं' सापडलं. खोल, सावकाश, ढूंऽऽ. शिट्टी गेली नाही, पण भांडून दमलेल्या पोरासारखी कोपऱ्यात बसली. त्या दुपारी आर्नीने ताट पुसून जेवण संपवलं.

"गुणगुणतोयस तू," लाइला म्हणाली, आणि उगाचच सिंककडे वळली.

डिसेंबरात तो बर्फावर उतरला तेव्हा ते तळं त्याच्या डाव्या कानात होतं. काढलं की नुसती शिट्टीच, मग पहार कशी ऐकणार? उजवा कान मोकळा आहे की, त्याने स्वतःला समजावलं. ठोकलं, घुमलं, फांदी रोवली. ओढा जिथे तळ्याला मिळतो तिथे बर्फ कायम लबाड, म्हणून तिथे तो दरवर्षी गिरमिटाने भोक पाडून बघे. या खेपेला आवाज इतका भरदार आला की त्याने गिरमिट खांद्यावरून उतरवलंच नाही.

मासेमारीच्या सामानाचं दुकान चालवणारा ड्वेन हॉगन पहिला निघाला. ओढ्याच्या तोंडाशी त्याच्या ट्रकची पुढची चाकं खाली गेली. ड्वेन छातीभर पाण्यातून कोपरांवर सरपटत बाहेर आला.

दुकानात घोंगडी गुंडाळून तो बसला होता. दात वाजत होते. "मा-माझंच चुकलं, आर्नी. फांदी सोडून भ-भरकटलो असणार. बायको म्हणतेच, तुला चर्चच्या दारातून स-सरळ आत जाता येत नाही."

सगळे हसले. "आर्नीची फांदी कशी चुकेल?" कुणीतरी म्हणालं. शनिवारी मासेमारीची स्पर्धा होती. तीनशे गाड्या त्याच रांगेने जाणार होत्या.

दुसऱ्या दिवशी आर्नी एकटाच बघायला गेला. ड्वेनच्या चाकांच्या खुणा फांद्यांना धरून अगदी सरळ गेल्या होत्या, भोकापर्यंत. त्याने कानातलं काढून अलीकडे पहार ठोकली. टीईईई. दुसरं काही नाही. परत कानात घातलं, पहार उचलली.

ढूंऽऽ.

पहार अजून हवेतच होती.

तो तसाच उभा राहिला. आभाळ खाली आलं होतं. तासाभरात हिम पडलं असतं आणि खुणा बुजल्या असत्या. ड्वेन जन्मभर स्वतःलाच हसत राहिला असता.

आर्नीने पहिली फांदी उपटली. मग दुसरी. सगळ्या कवेत घेऊन तो दुकानात आला आणि गल्ल्यावर टाकल्या.

"अरे, नाताळ लांब आहे अजून," ड्वेन म्हणाला.

"तू रांगेतच होतास. मी चुकलो." आर्नीने फोन ठेवला आणि आवाज लावला. ढूंऽऽ. दुकानातली माणसं एकदम पायाखाली बघू लागली. ड्वेनने तर एक पाऊल उचललंसुद्धा.

"हे आपलं तळं नाही," तो म्हणाला.

"नाही. कुठलं ते लिहिलेलंही नाही. माझ्या कानात हे घुमत होतं, आणि मी याच्यावर फांद्या रोवल्या."

मग ड्वेन उठला. "ट्रक बुडवलास ते बुडवलास. पण काल रात्री मी स्वयंपाकघरात फरशीची रेघ धरून चालून बघत होतो. नजर गेली असं वाटलं मला." त्याने गल्ल्यावरच्या फांद्या बाजूला सारल्या. "शनिवारचं काय?"

"गाड्या काठावर. माणसं पायी. दर दहा पावलांवर गिरमिट. पट्टी तू धरायचीस."

"आणि पहार?"

"घरी."

गुरुवारी दोघं कंबरेला दोर बांधून निघाले. आर्नी गिरमिट फिरवी, ड्वेन पट्टी बुडवून ओरडे, "अकराऽऽ!" अकरा इंच. आर्नीच्या कानात ते परक्या गावचं तळं घुमत होतं. आता घुमू दे. ओढ्याच्या अलीकडे ड्वेन ओरडला नाही. त्याने पट्टीवर अंगठा धरून ती पुढे केली.

आर्नीने हातमोजा काढला आणि त्या ओल्या रेघेवर बोट टेकवून बघितलं. चार. बोट गारठेपर्यंत त्याने ते उचललं नाही.

"वळायचं?" ड्वेनने विचारलं.

"वळायचं," आर्नी म्हणाला.