परत आलेले पेढे

पडदा उघडतो. चऱ्होलीतला एक गाळा, भिंतभर वायरी, हिरवे लुकलुकणारे दिवे आणि त्यांच्याखाली स्टुलावर बसलेले अर्जुनराव. चाकणच्या कंपनीतली नोकरी सोडून या माणसाने आमच्या सहाशे घरांत इंटरनेट आणलं. नाटकांच्या दौऱ्यांत आयुष्य घालवलेल्या मला परदेशातल्या नातवाचं तोंड त्यांच्यामुळेच दिसतं.

सगळी लाइन एकाच बड्या कंपनीकडून यायची. तिने हात आखडला की अर्जुनरावांचा धंदा संपला. म्हणून त्यांनी इंटरनेटचे नंबर देणाऱ्या नोंदणी संस्थेकडे स्वतःच्या नेटवर्क नंबरसाठी अर्ज केला. तो नंबर मिळाला की दोन कंपन्यांकडून लाइन घेता येते आणि एकीची बंद पडली तरी दुसरीची चालू राहते. संस्थेने जुन्या आणि नव्या, दोन्ही कंपन्यांकडून ‘आम्ही यांना लाइन देतो’ अशी पत्रं मागितली.

अर्जुनराव सरळ माणूस. शुभकार्याला निघाल्यासारखे पेढे घेऊन ते आधीपासून लाइन देणाऱ्या कंपनीच्या साहेबांकडे पत्र मागायला गेले. साहेब हसून म्हणाले, "वा राव, मोठे झालात!"

पंधरा दिवस झाले, पत्र आलं नाही. काल दुपारी मी गाळ्यात बसलो असताना साहेबांचा माणूस आला. त्याने पेढ्यांचा पुडा टेबलावर ठेवला. वरचा दोरासुद्धा सोडलेला नव्हता. मग त्याने मोबाइल काढून त्या हिरव्या दिव्यांचे फोटो घेतले आणि निघून गेला.

मी म्हटलं, "अर्जुनराव, अर्ज मागे घ्या."

त्यांची नजर दिव्यांवरून हलेना.

"आता मागं घेऊन काय व्हतंय, काका? आमाला दुसरं दार पायजे, हे त्यास्नी कळलंय."