वनमालाबाईची हनुवटी

नेरडीगोंड्याच्या वनमालाबाईची हनुवटी जन्मभर चेहऱ्याच्या एक पाऊल पुढे चालली. तोंड मिटलं तरी खालचे दात वरच्यांच्या बाहेर. समोरच्या दातांनी भाकरीचा तुकडा तिला कधी तोडता आला नाही. लग्नाच्या मांडवात तिने दोन तास पदर ओठांवर धरला. नवरीची काय ती भूमिका! एकही संवाद नाही.

खरं तर दोष दातांचा नव्हताच. ब्याऐंशी साली, ती दहा वर्षांची असताना, बापाने तिला बाजारात दात काढणाऱ्या भिवाजीसमोर बसवलं. "खालचे दोन उपटले का जबडा मांगं सरकते," भिवाजी म्हणाला. पक्कड लागली, दात गेले. जबड्याचं हाड मात्र वयाबरोबर वाढतच राहिलं.

सत्त्याण्णवमध्ये तिची चारुशीला आठ वर्षांची झाली. हनुवटी आईचीच. सासू द्वारकाबाईने जाहीर केलं, "येत्या बाजारी भिवाजीकडं नेतो पोरीले."

"त्याचं नाव काढू नका, आत्याबाई!" वनमाला कडाडली. "माह्या तोंडाचं वाटोळं दिसून नाई राह्यलं का तुमाले?"

दुसऱ्या दिवशी ती लेकीला घेऊन आदिलाबादच्या दातांच्या डॉक्टरकडे गेली.

"हिचा वरचा जबडा मागे राहिलाय," डॉक्टर म्हणाले. "हाड वाढतंय, तोवर पुढे ओढता येईल. आत वरच्या दातांना पट्टी, बाहेर कपाळ-हनुवटीवर चौकट, मधे रबर. वर्ष-दीड वर्ष, शाळा सोडून बाकी वेळ घालायची. पुढेही वाढ संपेपर्यंत मला दाखवत राहा."

"अन् माहं?"

"तुमची वाढ थांबली, बाई. आता ऑपरेशनच."

"मंग तवा काऊन नाई सांगतलं कोणी?"

डॉक्टर पट्टीचं माप घ्यायला वळले. ती बसमध्ये आदिलाबादपासून घरापर्यंत धुमसत होती.

महिनाभराने घरी पाहुणे आले. द्वारकाबाईने घाईघाईने चारूची चौकट काढून धान्याच्या कोठीमागे लपवली. "घोड्याच्या लगामावानी दिसते. उद्या सोयरिका कशा येतील?"

वनमालाने कोठी सरकवून चौकट काढली, धुतली आणि सगळ्यांदेखत लेकीच्या तोंडावर चढवली.

"हसा, पाव्हणे, पोटभर हसा!" तिचा आवाज पार ओसरीबाहेर गेला. "हिची लाज वर्षा-दीड वर्षाची. माही मरेस्तोवरची. अन् आत्याबाई, पुन्हा हात लावला, तर मी लेक घेऊन आदिलाबादलेच राहीन."

पाहुण्यांपैकी कुणी हसलं नाही. द्वारकाबाई आत गेली. वनमालाने रबर ओढून चौकटीच्या आकड्याला अडकवलं.