रिकामी ठेवायची खोली

कोणाच्याही घरी गेल्या तरी कलशेट्टी सिस्टर उंबऱ्याबाहेर क्षणभर थांबत, मान किंचित वर करत आणि नाकाने एक लांब श्वास ओढून घेत. मगच आत पाऊल टाकत. त्यानंतर घरात काय शिजले आहे, काय नासले आहे आणि कोण आजारी आहे, हे त्या घरच्याच माणसांना सांगत. "दूध लागलंय की वैनी," किंवा "पोराचा कान वाहतोय, दाखवलं का कुणाला?" सरकारी दवाखान्यात परिचारिका म्हणून सारी नोकरी काढलेल्या या बाईंना निवृत्तीनंतरही ही सवय सुटली नाही, आणि ती सोडावी असे त्यांना कधी वाटलेही नाही. नाक वर करून घरात शिरणे हा यजमानाचा अपमान आहे, असे आमच्या ज्येष्ठ नागरिक संघातल्या अनेकांचे मत होते. माझे नव्हते.

मी टॉवेलच्या कारखान्यात रंगमास्तर होतो. उकळत्या रंगाचे पाणी पायावर सांडले, त्या जखमेची पट्टी बदलून घ्यायला त्यांच्याकडे गेलो. ती आमची पहिली भेट. त्यांनी माझ्या पायाशी वाकून वास घेतला आणि सरळ उभे राहून विचारले, "पट्टी कधी बदलली म्हणालात?"

"काल," मी सांगितले.

"ही कालची न्हाय मास्तर. खोटं सांगायचं असलं तर आधी पट्टी बदलून यायचं." मला राग आला. पण पट्टी खरोखरच कालची नव्हती, आणि मला स्वतःला त्या जखमेचा वास आला नव्हता. कारण रंगखात्यातल्या वाफांनी माझे घ्राणेंद्रिय चाळिशीतच निकामी करून टाकले होते. हे कळल्यावर त्यांनी जे उद्गार काढले, ते पुढे त्या मला चारचौघांत ऐकवीत असत : "आमच्या मास्तरांचं नाक नुसतं चष्मा ठिवायला हाय."

या बाईंविषयी संघाच्या यंदाच्या स्मरणिकेत अध्यक्ष गुंडेटी यांनी लिहिलेला मजकूर मी वाचला. 'बंदरावर समुद्र पाहताच सिस्टर घाबरल्या, आजाराचे निमित्त करून मागे फिरल्या आणि त्यामुळे सर्वांचीच सहल बुडाली,' असे त्यात म्हटले आहे. गुंडेटी माझे जुने मालक आणि आजचे मित्र. तरीही हे विधान खोटे आहे, असे मी त्यांना तोंडावर सांगितले आहे आणि येथे लिहूनही ठेवतो. सिस्टर घाबरल्या नव्हत्या. आणि समुद्र तर त्यांनी पाहिलाच नाही.

ती सहल महामारीच्या आधी ठरली होती. मुंबईहून जहाजाने निघायचे, गोव्यापर्यंत जायचे आणि परत यायचे. टाळेबंदी लागली, जहाजे जागच्या जागी उभी राहिली आणि सहल लांबणीवर पडली. मधल्या काळात संघातली काही माणसे गेली. निवृत्त असूनही सिस्टरना पुन्हा कामावर बोलावण्यात आले आणि त्या गेल्या. दुसरी लाट ओसरल्यावर जहाजे पुन्हा निघणार असल्याची बातमी आली, तेव्हा सर्वांत आधी नाव दिले ते सिस्टरनी. अक्कलकोटच्या पलीकडच्या कोरड्या गावात जन्मलेल्या आणि सोलापुरात नळाच्या पाळीवर आयुष्य काढलेल्या या बाईंना एकच गोष्ट पाहायची होती. "एवढं पाणी एका जागी पडलेलं बघायचंय मास्तर," त्या म्हणत. "घागरी मांडून वाट बघायची न्हाय, कुणाशी भांडायचं न्हाय. नुसतं बघत बसायचं."

मात्र जहाज कंपनीने अटी पाठवल्या होत्या. लशीच्या दोन्ही मात्रांचे प्रमाणपत्र हवे, निघण्यापूर्वीच्या तपासणीचा निगेटिव्ह रिपोर्ट हवा, बंदरावर पुन्हा ताप पाहिला जाईल. जहाजावर निम्मीच माणसे घेतली जातील. खोलीबाहेर मुखपट्टी सक्तीची. प्रत्येक गटाच्या जेवणाची वेळ वेगळी आणि अन्न वाढप्याच्याच हातून. काही खोल्या संशयित रुग्णांसाठी मोकळ्या ठेवल्या जातील. आणि गटातल्या एकाला जरी लक्षण दिसले, तरी त्याच्यासोबत प्रवास केलेल्या सर्वांना थांबवले जाईल. गुंडेटींनी हे सारे सभेत भराभर वाचून दाखवले. लोकांनी माना डोलावल्या. सिस्टर उठून उभ्या राहिल्या.

"वाचून काय हुतंय? करून बघू की."

अशा रीतीने अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, गुंडेटींच्या टॉवेलच्या रिकाम्या गोदामात, आमचे जहाज उभे राहिले. प्रथम सिस्टरनी खडूने आखले. आमच्या चपलांनी ते पुसून टाकले. तेव्हा मी कारखान्यातून निळा रंग मागवला आणि जिना, भोजनगृह, खोल्या, सर्व काही फरशीवर कुंच्याने काढून दिले. गुंडेटी कुरकुरले, "मास्तर, नंतर हे जाणार कसं?" मी म्हणालो, जायला नको म्हणूनच तर रंग वापरला आहे.

त्या तालमींत हसू फार झाले, हे मान्य केले पाहिजे. मोडनिंबचे भानुदासराव, एसटीचे निवृत्त चालक, दारातच थबकून विचारत, "सिस्टर, समुद्र कुटं हाय?"

"तुमच्या पाठीमागं. पडू नगा."

भानुदासरावांच्या पत्नी कौसल्याबाई जेवणाच्या तालमीसाठी कडक भाकरी आणि शेंगाचटणी आणत. चटणीच्या डब्याचे झाकण उघडले, की गोदामाच्या दुसऱ्या टोकाहून सिस्टरचा आवाज यायचा, "कौसल्या, लसूण जास्त झालाय!" असे एकदाही झाले नाही, की लसूण त्यांच्या मते बेताचा पडला. भानुदासरावांनी चमच्याला हात घातला, की त्या ओरडत, "हात मागं! वाढपी वाढंल."

"अवो, माझ्याच बायकोनं केलीय की चटणी!"

"जहाजावर बायकू न्हाय. परवासी हाय."

एके दुपारी त्यांनी माझ्याकडे बोट केले. "मास्तर, तुमाला ताप आलाय."

"मला काहीही आलेले नाही."

"आलाय म्हणते न्हवं! चला." गोदामाच्या कोपऱ्यात आखलेल्या एका चौकोनात त्यांनी मला उभे केले. इतरांचा चहा झाला, गप्पा झाल्या. मी दुपारभर त्या निळ्या रेघांच्या आत एका खुर्चीवर बसून होतो. मी निषेध नोंदवला. एवढी जागा मोकळी ठेवण्यापेक्षा तिथे गठ्ठे लावता आले असते, असे गुंडेटीही म्हणाले. त्यावर सिस्टर जे बोलल्या, ते मला शब्दशः आठवते. "ही खोली रिकामी ठिवायची. हिच्यात कुणी बसलं न्हाय म्हणून हिला अडगळीची करायची न्हाय. ही रिकामी हाय तवर बाकीचं जहाज चालतंय." मग सर्वांकडे वळून म्हणाल्या, "आनि आंगात काय बी वेगळं वाटलं, तर आधी हात वर. रिपोर्टचं मग. रिपोर्ट परवाचा आस्तोय, आंग आजचं."

निघण्याच्या दिवशी सर्वांचे रिपोर्ट निगेटिव्ह होते, सिस्टरचाही. बसने आम्ही मुंबईला पोहोचलो आणि गोदीच्या बाजूने थेट बंदरावर आलो. प्रतीक्षागृहाच्या काचेपलीकडे जहाज उभे होते, इतके मोठे की त्यामागे काहीच दिसत नव्हते. सिस्टर काचेला कपाळ टेकवून उभ्या राहिल्या. "मास्तर, पाणी कुटं हाय? हितं नुसती भिंतच दिसतीय."

"ती भिंत नव्हे, जहाज आहे."

"त्येच म्हणते. चढल्याबिगर दिसायचं न्हाय."

बाहेरचे अन्न जहाजावर न्यायला परवानगी नव्हती, म्हणून कौसल्याबाईंनी तिथेच डबा उघडला. भाकरीचे तुकडे आणि चटणी कागदावर घेऊन प्रत्येकाला दिली. कौसल्याबाईंनी सवयीने सिस्टरकडे पाहिले. सिस्टरनी मुखपट्टी खाली ओढली, चटणी नाकाजवळ नेली, खाली ठेवली, पुन्हा उचलली. मग माझ्याकडे वळून अगदी हलक्या आवाजात विचारले, "आज लसूण घातला न्हाय का हिनं?"

"मला काय विचारता?" मी म्हणालो. "माझे नाक चष्मा ठेवायला आहे."

त्या हसल्या. मग पिशवीतून बामची डबी काढली, बोटभर बाम थेट नाकाशी धरला आणि तशाच थांबल्या. बामच्या वासाने शेजारच्या बाकावरच्या माणसाने मान वळवली. सिस्टरच्या चेहऱ्यावर काहीच हलले नाही. त्यांनी डबीचे झाकण सावकाश लावले, मुखपट्टी वर चढवली, आपली खुर्ची उचलून आमच्यापासून लांब नेऊन ठेवली, तिच्यावर बसल्या आणि हात वर केला. गोदामात शिकवल्याप्रमाणे, सरळ, कोपर न वाकवता.

गुंडेटी धावत गेले. "सिस्टर, काय चाललंय? हात खाली घ्या."

"जवळ येऊ नगा. मला वास यीना झालाय."

"सर्दी असेल! रिपोर्ट निगेटिव्ह आहे ना? ताप नाही. गप्प बसा, मी तुम्हाला एकटीची खोली घेऊन देतो. कुणाला कळणार नाही."

"मला कळलंय की."

"तुमच्यामुळं सगळ्यांना परत पाठवतील. वाचलंय ना तुम्ही?"

"वाचलंय. म्हणून तर हात वर हाय." एवढे बोलून त्या काचेकडे बघू लागल्या. त्यांचा आवाज कापत होता, हे गुंडेटी आज सांगतात, आणि ते खरे आहे. पण तो भीतीने कापत होता, हे त्यांना कोणी सांगितले? त्या भिंतीच्या पलीकडे जायला त्या किती दिवस थांबल्या होत्या, हे त्या प्रतीक्षागृहात माझ्याइतके कोणालाच ठाऊक नव्हते.

अंगभर पांढरा पोशाख चढवलेली माणसे आली आणि त्यांना घेऊन गेली. अटीप्रमाणे आम्हा सर्वांना परत पाठवण्यात आले. कौसल्याबाई बसमध्ये रडत होत्या. भानुदासराव म्हणाले, "जल्मभर दुसऱ्याच्या घरात नाक खुपसलं, आन् आज त्याच नाकानं आमाला बुडीवलं." कोणी हसले नाही, कोणी त्यांना गप्पही केले नाही. मी केले. तेव्हापासून आमचे बोलणे बेताचे आहे.

सिस्टरची पुन्हा तपासणी झाली. ती पॉझिटिव्ह आली. त्यांना मधुमेह होता. मुंबईतल्या रुग्णालयातून त्या फोनवर माझ्याशी बोलल्या. खिडकीतून समुद्र दिसतो का, असे मी विचारले. "भिंत दिसतीय मास्तर. हितं बी भिंतच." मग म्हणाल्या, "पोटात काय बी जाईना. डाळ हाय का खीर, कळंना. तुमी कसं काढलं वो इतकी वर्षं?" पुढचा फोन आला तो पुतण्याचा : सिस्टर गेल्या होत्या. त्यांच्या समाजाच्या रीतीप्रमाणे त्यांना बसवून मातीत ठेवायला हवे होते. पुतण्या पोहोचेपर्यंत विद्युतदाहिनीत सर्व उरकले होते. सोलापुरातल्या शोकसभेला संघातून मी गेलो. आणखी कोण आले होते, याची नावे लिहिण्याजोगी परिस्थिती नाही.

आता अध्यक्षांचा मुख्य मुद्दा. ते म्हणतात, ते जहाज गोव्याला जाऊन सुखरूप परतले, कोणीही आजारी पडले नाही. म्हणजे धोका नव्हताच आणि सिस्टरनी उगाच घाई केली. इतके उलटे तर्कशास्त्र मी आयुष्यात ऐकले नाही. जहाज सुखरूप परतले, ते त्या चढल्या नाहीत म्हणून परतले असेल, हे त्यांच्या मनातही येत नाही. मी हे सिद्ध करू शकत नाही, हे मला कळते. जे घडू दिले नाही, ते दाखवणार कसे? भानुदासरावांना परतल्यावर ताप आला होता. तो बसमधल्या वाऱ्याने आला, असे ते म्हणतात. त्यांनी तपासणी केली नाही, म्हणून मीही काही म्हणत नाही. पण जे लोक त्या दिवशी जहाजावर चढले, समुद्र पाहून आले आणि आपल्या घरी जेवायला बसले, त्यांना सिस्टरचे नावही माहीत नाही. आणि ज्यांना नाव माहीत आहे, ते त्यांना भित्री म्हणतात. हे मला सहन होत नाही.

संघाची सहल पुन्हा ठरली आहे. आता जहाजांवर कसल्याच अटी नाहीत. मी नाव दिलेले नाही. मागच्या आठवड्यात गुंडेटी समजूत काढायला मला गोदामात घेऊन गेले. त्यांनी फरशी दोनदा घासून घेतली होती, तरी निळ्या रेघा जागच्या जागी होत्या. माझा रंग आहे. तो जात नाही. सगळ्या जहाजावर टॉवेलचे गठ्ठे रचलेले होते. भोजनगृहावर, जिन्यावर, आणि कोपऱ्यातल्या त्या चौकोनावरही.

मी कामगारांना बोलावले आणि त्या चौकोनातले गठ्ठे काढायला लावले. ते एकमेकांकडे पाहून हसले. म्हातारा मास्तर म्हणून त्यांनी ऐकले. एकेक गठ्ठा हलला आणि फरशी उघडी पडत गेली. गुंडेटी हिशेबी आवाजात म्हणाले, "मास्तर, इतक्या जागेत किती माल बसतो, ठाऊक आहे? इथं ठेवायचं काय?"

"काही नाही," मी म्हणालो. "ही रिकामी ठेवायची."